मी नदी सरकवली त्याची गोष्ट

माझ्या हातून आयुष्यात चिकार घोटाळे झाले. एका लग्नाच्या पंगतीत नवरदेवाच्या मामाला आचारी समजून मी कढी गरम करायला पिटाळलं होतं. साहेबांच्या घरी गर्दी बघून पेढ्यांचा पुडा घेऊन गेलो, तर आत त्यांच्या सासऱ्यांचं तेरावं चाललेलं. असले किस्से मी चारचौघांत रंगवून सांगतो, लोक हसतात, मीही हसतो. हा एक मात्र मी कधी कोणाला सांगितला नाही. बायकोला तेवढा माहीत आहे, कारण उलथणं तिचं होतं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी नागपूरला कचेरीच्या रेकॉर्डरूममध्ये कारकून होतो. जिल्ह्यातल्या एकूण एक गावांचे नकाशे आणि जमीनमहसुलाच्या जुन्या बंदोबस्ताची पुस्तकं लाल फडक्यांत बांधून माझ्या कपाटांत ठेवलेली असत. कोणी गावाचं नाव घेतलं की मी बरोबर तो बस्ता काढून टेबलावर आपटायचो, आणि त्या धुळीतून मोठ्या ऐटीनं बाहेर यायचो. असं पंधरा वर्षं केल्यावर मला वाटायला लागलं की जिल्हा आपल्याला तोंडपाठ आहे. प्रत्यक्षात मी सीताबर्डीवरून सायकलनं कचेरीत जात असे आणि सायकलनंच परत येत असे. कोणी हुरड्याला बोलावलं तरच काय ते शेतात पाऊल पडायचं, तेही बूट घालून.

रामदासपेठेत एक वकीलसाहेब होते. सभा-संमेलनांची, सत्कारांची त्यांना हौस, आणि त्यांच्या पुढेमागे करायची मला. त्यांना एकदा मॉरिशसहून पत्र आलं. शंभर वर्षांमागं आपल्याकडची माणसं बोटीत बसून तिकडे उसाच्या मळ्यांत राबायला गेली, त्यांच्या नातवंडा-पतवंडांपैकी बारा जण मिळून देशात येणार होते. पूर्वजांची गावं पाहायची आणि त्या गावांच्या मसणवटीत जाऊन हात जोडायचे, एवढाच त्यांचा कार्यक्रम. बहुतेकांची गावं कोकणात होती. एका म्हातारीचे आजोबा मात्र नागपूर जिल्ह्यातले. तिच्या एकटीसाठी सगळा गट दोन दिवस इकडे वाकडी वाट करणार होता.

"गाव ठीक आहे हो," वकीलसाहेब म्हणाले, "पण मसणवट कशाला?"

पत्राला एका जुन्या कागदाची नक्कल जोडलेली होती. बोटीत बसताना लिहून घेतलेला कागद. त्यावर आजोबांचं नाव, बापाचं नाव, जिल्हा, परगणा, गाव. गावाचं नाव मी इथं देत नाही. आमच्याकडं कुठल्याही एसटीत बसा, त्या नावाच्या एखाद्या गावाच्या फाट्यावर ती थांबतेच, इतकं ते नेहमीचं नाव आहे.

"द्या इकडे," मी म्हणालो. "जिल्ह्यातलं गाव आणि मला सापडणार नाही?"

दुसऱ्या दिवशी गावांची यादी काढली. त्या नावाची दोन गावं निघाली. एक उमरेडच्या रस्त्याला, चांगलं चार-पाचशे घरांचं, शाळा असलेलं, फाट्यापासून अर्ध्या कोसावर. दुसरं पार उलट दिशेला, कन्हानच्या पलीकडं, नदीच्या अंगाला. त्याच्यापुढं कंसात बारीक अक्षरात लिहिलं होतं: रिठी.

रिठी म्हणजे वस्ती उठून गेलेलं गाव. आमच्या दफ्तरात अशी गावं खूप. त्यांना नाव असतं, हद्द असते, जमिनीला नंबर असतात, सारा वसूल होतो, फक्त माणूस राहत नाही. पटकीनं म्हणा, दुष्काळानं म्हणा, कधीकाळी लोक उठून गेले ते गेले. कागदावर मात्र गाव आपलं बसलेलं.

आता कागदावरचा परगणा ताडून पाहायला दहा मिनिटं लागली असती. परगणे जुने, त्यांचं पुस्तक वरच्या फळीवर, शिडी लावायला हवी होती. मी शिडी लावली नाही. सात समुद्र ओलांडून आलेल्या पाहुण्यांना ओसाड रानात नेऊन काय दाखवायचं, असा मी विचार केला. त्यापेक्षा ज्या गावात शाळा आहे, सरपंच आहे, तेच त्यांचं गाव असलं पाहिजे. विचार कसला, ठरवूनच टाकलं. सरपंचाला निरोप गेला. तो उत्साही गडी. त्यानं उलट निरोप पाठवला की डफडं-सनई लावतो, पोरांची रांग लावतो, जेवणाला वडाभात करतो, तुम्ही फक्त माणसं आणा.

घरी बायकोला सगळं फुशारकीनं सांगितलं. ती शेंगा सोलत होती.

"दोन गावं हायेत म्हणता ना जी? मंग हेच काहून?"

"दुसऱ्यात कोणी राहतच नाही."

"आता नाई राहत. तिचा आजा गेला तवा राहत असन ना?"

मी म्हणालो, "तुला रेकॉर्डमधलं काय कळतं?" तिनं शेंगेची साल टोपलीत टाकली आणि पुढची शेंग घेतली.

पाहुणे आले ते डिसेंबरात. रामदासपेठेतल्या एका अतिथिगृहात उतरले. दुपारच्या चहाला मी त्यांना भेटायला गेलो. आदल्या रात्री स्वागताचं भाषण पाठ केलं होतं, त्यात 'सागरपार', 'ऋणानुबंध' असले शब्द होते. नागपूरचा असूनही मी बाहेर वावरताना मले-तुले कधी बोलत नसे. पुण्याहून बदली होऊन आलेल्या साहेबांच्या हाताखाली काम केलेलं, जिभेला तेवढं वळण मी मुद्दाम लावून घेतलं होतं.

म्हातारी एका कोपऱ्यात खुर्चीच्या कडेवर बसली होती. सत्तरीची, सडपातळ, फुलाफुलांचं लांब झग्यासारखं काहीतरी अंगात आणि डोक्यावर मात्र पांढरा पदर घेतल्यासारखा रुमाल. मी तिच्यासमोर जाऊन सागरपार ऋणानुबंध सुरू केले. ती शांतपणे ऐकत राहिली. मग म्हणाली, "बापू, तू काय म्हणून राहिला, मले नाई समजलं. मले आजानं शिकवलेलीच बोली येते."

माझी आजी बोलायची तशीच बोली. मध्ये मध्ये तिकडचे शब्द, पण ठेका सगळा आमच्या घरचा. मी गोरामोरा झालो आणि तरी शुद्धच बोलत राहिलो. कशाला, ते आजही सांगता यायचं नाही.

मांडीवरच्या पिशवीतून तिनं चहाची एक पत्र्याची डबी काढली. झाकण उघडून दाखवलं. आत लालसर माती होती.

"ही आजाच्या अंगावरची माती," ती म्हणाली. आजोबाला तिकडे पुरलं होतं. घरची चाल होती, ती त्यांनी तिकडेही सोडली नाही.

मग तिनं सांगितलं ते असं. आजोबा बोटीत बसला तेव्हा त्याची माय जिवंत होती. ती गेल्याची खबर त्याला दोन वर्षांनी लागली, मागाहून आलेल्या कोणा गाववाल्याकडून. आमच्याकडं कोणी गेलं तर आपण 'मातीला' जातो. खड्ड्यात पहिली मूठ थोरल्या लेकानं टाकायची, मग बाकीच्यांनी. हा थोरला, एकुलता एक. मायला माती त्याच्या हातची मिळाली नाही. हे तो जन्मभर बोलत राहिला. मरताना लेकाला म्हणाला, माझ्यावरची मूठभर माती ने आणि मायच्या अंगावर टाक, म्हणजे मी टाकल्यासारखंच. लेकाला जमलं नाही. आता नात आली होती.

"माह्यामागं कोणी येनार नाई, बापू," ती म्हणाली. "पोरं शिकली, त्याईले याचं काही नाई. मी टाकली तर टाकली, नाई तर ऱ्हायलीच."

मी मान डोलावली.

"आजा सांगे, मसणवट नदीवर हाये. माय नदीकडं पाय करून निजली हाये. तिथून नदी दिसते."

नदी. उमरेडच्या रस्त्याच्या त्या गावाला नदी नव्हती. कन्हानच्या पलीकडं, नदीच्या अंगाला, कंसात बारीक अक्षरात काय होतं ते मला लख्ख आठवलं. संध्याकाळचे पाच वाजायचे होते. उठून कचेरीत गेलो असतो, शिडी लावली असती, तर सहापर्यंत खरं काय ते कळलं असतं. पण तिकडं डफडं ठरलं होतं, उडदाची डाळ भिजत पडली असणार, पोरांनी गाणं बसवलं असणार, आणि वकीलसाहेब दोनदा सगळ्यांसमोर म्हणाले होते, 'यांना जिल्हा तोंडपाठ.' मी चहाचा दुसरा कप घेतला.

दुसऱ्या दिवशी मेटॅडोर करून निघालो. गावाच्या तोंडाशीच आंब्याच्या डहाळ्यांची कमान, पोरांची रांग, डफड्यावर थाप. बायका आरत्या घेऊन उभ्या. मॉरिशसचे लोक हरखून गेले. फोटो काढायला लागले. एका म्हाताऱ्या बाईनं आमच्या म्हातारीला ओवाळलं, तिच्या गालांवरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली आणि म्हणाली, "आलीस वं माय!" दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. सरपंचानं मला हार घातला. तोही मी घालून घेतला.

जेवणाआधी मसणवट. वाट दाखवायला गावचा कोतवाल होता. साठीचा, बुटका, डोक्याला मुंडासं, चेहऱ्यावर काही दिसू न देणारा माणूस. गावाबाहेर माळरान, एक कडुनिंब, इकडेतिकडे मातीचे उंचवटे, त्यांवर दगड ठेवलेले. म्हातारी डबी छातीशी धरून उभी. बाकीचे अकरा जण मागं चपला काढून थांबलेले.

मी कोतवालाला हळूच विचारलं, "यांच्या आजोबांच्या आईची जागा कुठली असेल?"

"कोनाची माय?"

"यांच्या आजोबांची."

"साहेब, इथं साऱ्याईच्याच माया हायेत," कोतवाल म्हणाला.

सगळे माझ्याकडं पाहत होते. निंबाच्या पलीकडं, जरा एकीकडं, एक दगड दिसला. उभा रोवलेला, चौकोनी घडवलेला, जुना, बाकीच्यांपेक्षा वेगळा. एखाद्या वडीलधाऱ्या माणसाचा असावा असा. मी त्याच्याकडं बोट दाखवलं. कोतवालानं एकदा दगडाकडं, एकदा माझ्याकडं पाहिलं आणि मुंडासं सारखं केलं.

म्हातारी दगडापाशी गेली. खाली वाकली नाही. मान वर करून चारी बाजूंना पाहत राहिली.

"बापू, नदी कुठी हाये?"

आणि मी नदी सरकवली. अगदी रेकॉर्डरूमच्या आवाजात, शुद्ध मराठीत सांगितलं, "आजी, नद्यांचे प्रवाह बदलतात. पूर्वी इथूनच वाहत होती. आता पात्र जरा दूर गेलं." आठवतं तेव्हा अजून कान तापतात. कन्हान नदी मी त्या दिवशी उचलून दहा-बारा कोस दक्षिणेला आणली आणि पुन्हा जागच्या जागी नेऊन ठेवली. नागपूर शहर मध्ये येतं, ते मी कसं ओलांडलं कोणास ठाऊक.

तिनं माझ्या तोंडाकडं जरा वेळ पाहिलं. मग चपला काढल्या, बसली, डबी उघडली, दगडाच्या पायथ्याशी माती ओतली. आमच्याकडची जमीन काळी, त्यावर ती लाल माती हळदीकुंकवासारखी उठून दिसत होती. तिनं पाठ आमच्याकडं केली होती. तेवढ्यात बाकीचे अकरा जण तिकडच्या चालीनं काहीतरी गुणगुणायला लागले. मी डोळे पुसले. खोटं कशाला बोलू, खरंच पाणी आलं होतं. स्वतःच्या थापेनं रडणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही.

वडाभात उत्तम झाला होता. निघताना गावानं संत्र्यांचा करंडा गाडीत चढवला. दुसऱ्या दिवशी गाडी सुटताना म्हातारीनं खिडकीतून माझे दोन्ही हात धरले. "सुखी ऱ्हाय बापू," एवढंच म्हणाली.

चार-सहा दिवस मी तोऱ्यात होतो. वकीलसाहेबांनी सभेत माझं कौतुक केलं. सातव्या दिवशी दुपारी रेकॉर्डरूममध्ये एकटा होतो, तेव्हा मी शिडी लावली. का लावली, माहीत नाही. पहिल्यांदाच लावायला हवी होती, ती सातव्या दिवशी लावली. परगण्यांचं पुस्तक काढलं, म्हातारीच्या कागदाची नक्कल शेजारी ठेवली. दहा मिनिटंही लागली नाहीत. परगणा कन्हानकडचाच. मग रिठीचा जुना नकाशा उघडला. नदीची निळी रेघ, तिच्या वरच्या अंगाला गावठाण आणि गावठाणापासून नदीकडं एका कोपऱ्यात बारीक खूण: मसणवट. कापडावरची शाई जरा फुटली होती, पण वाचता येत होतं.

घरी येऊन बायकोला सांगितलं. मला वाटलं चिडवेल. तिनं चिडवलं नाही.

"त्या म्हातारीची माती तुमी परक्याच्या गावात टाकून आले," ती म्हणाली. "आता?"

"आता काय? ती तर गेली."

"माती थोडीच गेली?"

म्हणून पुढच्या रविवारी मी स्वयंपाकघरातलं उलथणं आणि एक स्वच्छ रुमाल पिशवीत घालून उमरेडच्या एसटीत बसलो. फावडं घरी नव्हतं, आणि उलथण्यानं माती न सांडता उचलता येईल असा माझा हिशोब. गावात शिरायची छाती नव्हती, म्हणून शेतांतून आडवाटेनं मसणवटीत पोचलो. भर दुपार, कोणी नाही. दगडापाशी लाल माती तशीच होती, दवानं जराशी बसलेली. मी उकिडवा बसलो आणि उलथण्यानं खरवडून रुमालात भरायला लागलो. बूट काढायचंही सुचलं नाही.

तुरीच्या शेतातून दोन बायका येत होत्या. त्यांना दिसलं ते असं: मसणवटीत एक परका माणूस पाठमोरा बसून उलथण्यानं माती उकरून रुमालात बांधतो आहे.

"अवं माय! करनी करून राहिला वं!"

पाच मिनिटांत दहा-बारा माणसं जमली. एकानं पाठीत बुक्की घातली. दुसऱ्यानं कॉलर धरून मला फिरवलं आणि म्हणाला, "अबे, हा तर हारवाला साहेब!"

मला चावडीवर नेलं. कमानीच्या आंब्याच्या डहाळ्या अजून लटकत होत्या, वाळून कडकडीत झालेल्या. सरपंच आला, कोतवाल आला, ओवाळणारी म्हातारी आली, सगळं गाव आलं. माझ्या मांडीवर रुमालातली माती आणि हातात उलथणं. तिथं मी सगळं सांगितलं. दोन गावं, शिडी, रिठी, नदी, सगळं. शुद्ध बोलायला सुरुवात केली होती, पण कधी मले-तुलेवर आलो कळलं नाही.

कोणी हसलं नाही. हसले असते तर मला सोपं गेलं असतं. सरपंच खाली पाहत होता. ओवाळणारी म्हातारी म्हणाली, "मी तिच्या गळ्यात पडून रडली रे बापू. मले तं खरंच वाटलं, आपली लेक आली. खोटं काहून सांगतलं गा?"

तिनं उत्तराची वाट पाहिली. मग उठून गेली.

सरपंच एवढंच म्हणाला, "घेऊन जा साहेब, जिथची हाये तिथं टाका."

उरलेली माती गोळा करायला कोतवाल माझ्यासोबत पुन्हा मसणवटीत आला. माझं उलथणं बाजूला ठेवून त्यानं तळहात पाण्यानं ओला केला आणि लाल कण अलगद टिपून घेतले. मी म्हणालो, "निदान ज्या कोणाचा हा दगड आहे, त्याची तरी मी माफी मागतो."

"कोनाचा म्हंजे?" तो म्हणाला. "साहेब, हा शिवेचा दगड हाये. इथून पुढं दुसऱ्या गावची हद्द."

जिल्ह्यातल्या तमाम हद्दींचे नकाशे पंधरा वर्षं ज्यानं सांभाळले, त्यानं हद्दीचा दगड मायचा म्हणून दाखवला होता. नकाशावर तो एवढासा त्रिकोण असतो. जमिनीवर कसा दिसतो, ते मी कधी पाहिलंच नव्हतं.

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"पाव्हण्याईसमोर तुमची इज्जत काय काढाव जी," कोतवाल म्हणाला आणि रुमालाची गाठ मारून माझ्या हातात दिली. डबीभर मातीतली जेमतेम मूठभर हाती आली होती. बाकीची वाऱ्यानं नेली असेल, असं मी म्हणालो.

त्याच आठवड्यात कचेरीला दांडी मारून मी कन्हानला गेलो. नकाशाची नक्कल हातात धरून पायी रिठीवर पोचलो. गावठाणाच्या जागी बाभळी, एक बुजलेली विहीर, खापरांचे तुकडे. पलीकडं कोळशाच्या खाणीचा आवाज. मसणवट ओळखू आली, कारण नकाशातला कोपरा होता आणि बसके दगड होते, या खेपेला न घडवलेले. कोणती माय कोणाची, ते विचारायला इथं कोतवालही नव्हता. मी मधोमध उभा राहिलो, रुमाल सोडला, माती टाकली आणि पुन्हा कोणी पाहण्याआधी झपाझपा परत निघालो. मान वर केली नाही. बाभळीचे काटे म्हणून बूटही काढले नाहीत.

"तिले लिवलं का?" बायकोनं विचारलं.

"लिहितो."

मकरसंक्रांत झाली, होळी झाली. दरम्यान म्हातारीचं एक कार्ड आलं, गावाला आणि तुला नमस्कार म्हणून. बायकोनं ते मुद्दाम देवाच्या फळीवर ठेवलं. रोज आंघोळ करून हात जोडायला गेलो की ते समोर. मार्चच्या शेवटच्या रविवारी मी बसलो आणि सगळं लिहून काढलं. शिवेच्या दगडासकट. नदीचं तेवढं लिहिलं नाही. ते लिहायला हातच धजेना.

दोन महिन्यांनी उत्तर आलं. नातीकडून लिहवून घेतलेलं, देवनागरीत, मोठ्या मोठ्या अक्षरांत. त्यातलं मला जवळजवळ पाठ आहे.

'बापू, मले तिथंच समजलं होतं. नदी सरकते, पण इतकी नाई सरकत. पण त्या बायांनी मले ओवाळलं, पोरं उन्हात उभी होती, जेवाले केलं होतं. त्याईच्यासमोर हे माहं गाव नाई असं कसं म्हणू? आणि तुह्या डोळ्यात पाणी होतं. म्हणून अर्धीच टाकली. अर्धी डबीत परत आणली. आता मी येत नाई. पोराईले सांगितलं हाये, ती माह्यासंगं ठेवजा. तू अर्धी नेऊन टाकली, लय झालं. एक सांग, तिथून नदी दिसते का? तेवढं लिहून पाठव.'

पत्र मी दोनदा वाचलं आणि बायकोला दिलं. तिनं वाचून माझ्या हातात परत ठेवलं. कोतवालानं पाहुण्यांसमोर मला झाकलं होतं, आणि पाहुणीनं गावासमोर झाकलं होतं. मी मधल्यामध्ये हार घालून उभा होतो.

दिसते, असं लिहून टाकायला काय लागत होतं? नकाशावर मसणवटीपासून नदी दोन बोटांवर होती. दिसणारच. पोस्टकार्ड काढलंसुद्धा. पण पहिल्या खेपेला मी मान वर केलीच नव्हती. नदी दिसते की नाही, मला ठाऊक नव्हतं.

पुन्हा कन्हानला गेलो. बाभळीच्या अलीकडंच बूट काढून हातात घेतले. दोन काटे लागले. मसणवटीत जाऊन उभा राहिलो आणि नदीच्या दिशेला पाहिलं.

घरी येऊन कार्ड लिहिलं. शुद्धलेखन तपासलं नाही.

'आजी, मसणवटीतून नदी दिसत नाई. मधात खाणीच्या मातीचा मोठा ढिगारा हाये, नकाशात नाई तो. ढिगाऱ्यावर चढलं का दिसते. मी चढून पाहून आलो. पाणी आता कमी हाये.'